कोपऱ्यातली हळद

माझ्या हातून आजवर हजारो पुस्तकं गेली असतील, पण दोन महिन्यांपूर्वीपर्यंत मी त्यातलं एकही वाचलेलं नव्हतं. शाळेतली सोडून, आणि शाळाही सातवीपर्यंतच. लोकांना याचं नवल वाटतं. बाइंडर माणूस, दिवसभर पुस्तकांत बसलेला, आणि वाचत नाही? मी म्हणतो, पुस्तक आतून बघायला एवढी माणसं आहेत, बाहेरून बघायला कुणीतरी नको का?

कोल्हारला प्रवरेच्या पुलाकडून गावात वळलं की डाव्या हाताला माझं दुकान आहे. पाटीवर 'नूरमहंमद बाइंडर' लिहिलंय, पण रस्त्याच्या धुळीनं ती आता कुणाला वाचता येत नाही. समोरून उसाच्या ट्रॉल्या आणि शिर्डीच्या गाड्या जातात. दुकानात एक कटिंग मशीन, पुस्तकं दाबायचे दोन शिकंजे आणि खळीचं पातेलं, मागच्या दारातून आत गेलं की घर. खळ मी अजून घरीच शिजवतो. मैद्याची, आणि पुस्तकाला कसर लागू नये म्हणून त्यात मोरचूद. त्यामुळे माझी बोटं बारा महिने निळसर असतात. उजव्या अंगठ्याचं वरचं पेर वीस वर्षांपूर्वी मशीननं नेलं. तेव्हापासून पान उलटायचं तर मी दोन बोटांच्या चिमटीत वरचा कोपरा धरतो, आणि तिथं बारीकसा निळा डाग पडतो. पुसला तरी पुरता जात नाही.

झिजलेलं पुस्तक बघितलं की ते कुणी वाचलं हे मला कळतं. यात विद्या वगैरे काही नाही, सवय आहे. आमच्या वाचनालयाची फाटकी पुस्तकं तीस वर्षं माझ्याकडे येतात आणि गावात वाचणारी माणसं मोजकीच. भीमा ट्रॅक्टर दुरुस्त करतो, त्याच्या पुस्तकाच्या कडेला ग्रीसचा अंगठा असतो. छबूबाईची पिठाची गिरणी होती. पट्टा फिरत असताना ती शेजारी स्टुलावर बसून वाचायची, त्यामुळे तिच्या पुस्तकाच्या शिवणीत पीठ साचायचं. गव्हाचं की बाजरीचं, तेही मी सांगायचो. माणूस कुठं थांबला, कुठं दोनदा वाचलं, कुठं कंटाळून पानं गाळली, सगळं कडेवर दिसतं. निसर्गाच्या वर्णनाची पानं बहुतेक पुस्तकांत स्वच्छ असतात.

आणि मुबारकबी, माझी बायको. ती चाळिसाव्या वर्षी वाचायला शिकली, बायकांच्या साक्षरता वर्गात. तेव्हापासून दुपारची नमाज झाली की दुकान आणि घराच्या मधल्या उंबऱ्याशी पाट टाकून ती वाचायला बसते. ओठ हलवत, बोट ओळीखाली धरून. हात स्वयंपाकातून आलेला असतो, म्हणून खालच्या कोपऱ्यात हळद. शिवाय थांबते तिथं पानाचा कान दुमडते आणि नखानं दाबते. या कानावरून आमची पंधरा वर्षं भांडणं चालू आहेत. मी तिला दोऱ्याच्या, कागदाच्या, रेक्झिनच्या खुणा करून दिल्या. त्या तिनं मसाल्याच्या डब्यात ठेवल्या. घरात आम्ही आमची दख्खनी बोलतो, पण पुस्तकाचा विषय निघाला की ती मराठीवर येते. वाचायला ती मराठीतूनच शिकली ना.

आता आमच्या वाचनालयाची एक पद्धत सांगायला हवी. नवीन पुस्तकं आली की ती आधी कपाटात जात नाहीत, माझ्याकडे येतात. हल्लीची पुस्तकं नुसती चिकटवलेली असतात, चार हातांत गेली की पानं गळतात. म्हणून ग्रंथपाल कानिफनाथ, आम्ही त्यांना नाथाभाऊ म्हणतो, दुकानदाराकडून आलेला गठ्ठा सुतळीसकट माझ्या दुकानात आणून टाकतात. मी मूळ बांधणी उसवून पुस्तक दोऱ्यानं शिवतो, पुठ्ठा घालतो, मग त्याच्यावर नंबर पडतो. म्हणजे छापखान्यानंतर ते पुस्तक उघडणारा पहिला माणूस मी.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर असाच एक गठ्ठा आला. त्यातलं एक पुस्तक उसवायला घेतलं तर शिवणीत पीठ. बाजरीचं. शाईचा वास ताजा, कागद करकरीत, आणि पहिल्यापासून चौसष्ट पानापर्यंत कोपरे मऊ पडलेले. त्यापुढे पीठ नाही, झीज नाही, काही नाही. कुणीतरी परत केलेलं पुस्तक दुकानदारानं नवं म्हणून खपवलं, असं मला वाटलं. मी नाथाभाऊंना तसं म्हणालो तर त्यांना राग आला. गठ्ठ्याची सुतळी तूच कापलीस, मला काय विचारतोस, असं म्हणून ते निघून गेले. मी पीठ झटकलं, पुस्तक बांधलं आणि विसरलो.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी छबूबाई गेली. गिरणी चालू, दळण टोपलीत पडतंय आणि ही स्टुलावर मागे टेकलेली. लोकांना वाटलं डुलकी लागली. मांडीवर पुस्तक उपडं होतं. ते खाली पडून पुठ्ठा सुटला म्हणून नाथाभाऊंनी पंधरा दिवसांनी माझ्याकडे आणलं. तिचा चष्मा अजून आतच होता. चौसष्ट आणि पासष्टच्या मधे.

शिवणीत बाजरीचं पीठ होतं, चौसष्टपर्यंत. मी झटकलेलं थोडं राहिलं होतं की हे तिच्या हातचं, ते मला सांगता आलं नाही.

मी ताईत बांधणारा माणूस नाही. योगायोग असतात. थंडीत गावोगावच्या गिरण्यांवर बाजरी असते आणि गिरणीवर वाचणारी माणसं आणखीही असतील. तरी मार्चमधला गठ्ठा मी जरा निरखून उघडला. एका पुस्तकाच्या कडेला पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ग्रीसचा अंगठा होता. मी नाथाभाऊंना काही बोललो नाही. पुस्तक बांधून दिलं आणि वाट बघत राहिलो. मे महिन्यात भीमानं ते नेलं, आठ दिवसांत संपवलं आणि शेवट कसा फसवा आहे ते माझ्या दुकानात उभं राहून मला तासभर सांगितलं. भीमा आजही ठणठणीत आहे. त्या दिवशी मात्र माझा योगायोगावरचा विश्वास उडाला.

गणपती उठल्यावर तिसरा गठ्ठा आला. सहा पुस्तकं होती. चौथं उघडलं आणि मी ते आधी मिटलं, दुकानाचं मागचं दार लोटून घेतलं, मग पुन्हा उघडलं.

खालच्या कोपऱ्यात हळद. पानांना कान दुमडलेले, प्रत्येक घडीवर नखाची आडवी रेघ. पंधरा वर्षं ज्या घडीवरून भांडलो ती घडी मला ओळखू येणार नाही? मी मोजल्या. अकरा होत्या. ती रोज एकदा बसते आणि उठताना एक कान दुमडते, म्हणजे अकरा दुपारी. अकरावी घडी एकशे सदतीसवर होती. पुस्तक तीनशे बारा पानांचं. एकशे सदतीसच्या पुढे छपाई तेवढी, बाकी कागद इतका कोरा होता की बोट ठेवायची भीती वाटली.

पुस्तकाचं नाव मी सांगत नाही. उगाच कुणीतरी वाचायला घ्यायचं. एका नर्सबाईची गोष्ट आहे, डोंगरातल्या गावी बदली झालेल्या, एवढं पुरे.

मी ते शिकंज्याखाली रेक्झिनच्या तुकड्यांत दडवलं आणि नाथाभाऊंना सांगितलं की एका पुस्तकात पानं कमी आलीत, बदलून मागवू. तीस वर्षांत त्यांच्याशी बोललेलं हे पहिलं खोटं. मुबारकला काहीच बोललो नाही. तिच्या हाती पुस्तक पडलंच नाही तर हळद लागणार कुठून, असा माझा साधा हिशोब होता.

चार दिवस मी बाहेरच्या कामात होतो. एका शाळेची दाखल्यांची रजिस्टरं शिवायला तिथंच जाऊन बसलो होतो. चौथ्या दिवशी दुपारी परत आलो तर ती उंबऱ्याशी पाटावर, ओठ हलवत, आणि मांडीवर तेच पुस्तक. पिशवीचा बंद शिवायला रेक्झिनचा तुकडा शोधत होती, तेव्हा सापडलं म्हणे. तिसरा दिवस होता तिचा.

"अहो, नव्या पुस्तकाला घड्या आधीच हायेत," ती म्हणाली. "मी थांबते तिथंच हायेत. कुणीतरी माझ्यासारखंच वाचणारं असंल. लई बरं वाटतं."

तिनं पान दुमडलं. कागद आधीच्या घडीतून आपसूक वळला आणि तिचं नख जुन्या रेघेवर जाऊन बसलं.

त्या रात्री जेवण गेलं नाही मला. दुसऱ्या दिवशी मी म्हणालो, हे राहू दे, दुसरं आणून देतो. ती हसली. मी म्हणालो, गोष्ट काही खास नाही. त्यावर ती म्हणाली की तुम्हाला काय माहीत, आणि तिचं बरोबर होतं. सहाव्या दिवशी मी गुडघेदुखीचं निमित्त करून तिला लोणीला दवाखान्यात नेलं आणि हळूच छातीची पट्टीही काढायला लावली. डॉक्टरांनी सांगितलं, हृदय उत्तम आहे, वजन थोडं कमी करा. परत येताना एसटीत तिनं पिशवीतून पुस्तक काढलं. त्या दिवसाची घडी धावत्या एसटीत पडली, आणि तीही जागच्या जागी.

हिसकावून का घेतलं नाही, असं तुम्ही विचाराल. मीही स्वतःला विचारत होतो. पण छबूबाई गेली म्हणून पुस्तक थांबलं की पुस्तक थांबलं म्हणून छबूबाई गेली, हे मला कोण सांगणार होतं? मी सातव्या घडीला पुस्तक ओढून घेतलं असतं आणि तोच शेवट ठरला असता तर? दडवून बघितलं होतं, त्याचा काय उपयोग झाला ते समोरच होतं.

आठव्या दिवशी मला राहवलं नाही. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. पीठ, चष्मा, ग्रीस, अकरा घड्या. मला वाटलं ती हसेल किंवा घाबरेल. ती बराच वेळ पदरानं कोपऱ्यावरची हळद पुसत राहिली.

"चाळीस वर्षं मला कुणी वाचू नको म्हटलं न्हाई, कारन मला येतच नव्हतं," ती म्हणाली. "आता तुमी म्हनू नका."

मग तिनं पुस्तक उलटं करून पुढची कोरी पानं अंगठ्याखालून सर्रकन सोडली आणि थोडं चिडवल्यासारखं म्हणाली, "फुडं कोरं हाय म्हंता, तर करा की काहीतरी. बाइंडर हाय ना तुमी?"

ती चेष्टेत बोलली होती. मी मात्र रात्रभर त्याच गोष्टीचा विचार करत पडलो. आयुष्यभर मी झीज पुसली, कापली, झाकली. झीज करणं काय अवघड होतं?

दहाव्या दिवशी सकाळी ती बाजाराला गेली. मी बशीत हळद कालवली, दुकानाची फळी अर्धी ओढली आणि एकशे सदतीसचं पान धरलं. बोट हळदीत, खालचा कोपरा, पान उलट. दुसरं पान. बाहेर उसाची ट्रॉली रुतली होती, लोक ओरडत होते. मधेच आमच्या मुलीचा, इन्शाचा, सुप्याहून फोन आला. जावई तिथं कारखान्यात आहे, त्याच्या पाळीची काहीतरी तक्रार होती. मी कानाशी फोन धरून हो हो करत पानं उलटत राहिलो. ती बाजारातून यायच्या आत संपवायचं होतं. अठ्ठ्याऐंशी वेळा पान उलटलं. शेवटचं पान मिटलं तेव्हा घामानं सदरा भिजला होता.

मग कड बघितली. खालच्या कोपऱ्यात हळद फक्त पहिल्या दोन पानांना होती. निळा डाग मात्र एकशे सदतीसपासूनच प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात. लक्ष फोनवर गेलं आणि हात आपल्या सवयीवर गेला. वीस वर्षांची सवय, दुसरं काय होणार! एकाही पानाचा कान दुमडलेला नव्हता. पुन्हा सगळं करायला वेळ नव्हता, रस्त्यावर तिचा आवाज येत होता. मी मनाशी म्हटलं, झीज ती झीज. पुस्तक शेवटपर्यंत कुणीतरी उलटलेलं दिसतंय ना, बस्स.

अकराव्या दुपारी मी दुकान बंद ठेवलं. तिच्यासमोर पोतं टाकून बसलो. ती एकदाच माझ्याकडे बघून हसली आणि वाचायला लागली.

ओठ हलत होते. नर्सबाईला एक चिठ्ठी आली होती, असं तिनं मला मधेच सांगितलं. पोस्टमन नदी ओलांडून ती घेऊन आला होता आणि बाईनं अजून फोडली नव्हती.

रस्त्यावर वर्दळ होती. मला तिच्या बोटाखेरीज काही दिसत नव्हतं.

बोट एकशे सदतीसच्या शेवटच्या ओळीवर आलं.

तिनं कोपरा दुमडला. नख दाबलं.

ओठ थांबले.

तिचा हात पुस्तकावर तसाच राहिला. छाती हलत नव्हती. मी तिचं नाव घेतलं. पुन्हा घेतलं.

मग तिचा उजवा हात उचलला गेला. तो खालच्या कोपऱ्याकडे गेला नाही. वर गेला. अंगठा तळहातात मुडपलेला, दोन बोटांची चिमटी. तिनं वरचा कोपरा धरून पान उलटलं.

आणि श्वास घेतला.

मी रडलो. साठीच्या माणसाला शोभणार नाही असा रडलो. तिचे पाय धरले, अल्लाचे आभार मानले, चहा करायला गेलो आणि साखरेऐवजी मीठ टाकलं. तिनं तो चहा पिऊन टाकला.

त्यानंतरचे दिवस मला नीट सांगता येत नाहीत. ती उठायची, स्वयंपाक करायची, नमाज पढायची, दुपारी पाटावर बसायची. विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायची. वरण पांढरं व्हायला लागलं. हळदीचा डबा भरलेला होता, तिचा हात तिकडे जात नव्हता. कप धरताना अंगठा आत मुडपलेला. एकदा इन्शानं फोनवर विचारलं, अब्बा, अम्मी माझं बोलणं ऐकते की नुसती हूं म्हणते? मी म्हटलं, वय झालं आता.

दुपारी मी तिचं वाचणं बघायचो. ओठ हलत नव्हते. बोट ओळीखाली नव्हतं. डोळे पानाच्या मधोमध एका जागी लावलेले, आणि ठराविक वेळानं दोन बोटं वर जायची, पान उलटायचं. घाईघाईनं, एकसारखं. तो वेग माझ्या ओळखीचा होता. तीनशे बारावर पोचली की ती पुन्हा एकशे अडतीस काढायची.

पाचव्या दिवशी मी विचारलं, त्या चिठ्ठीत काय होतं?

"कुटली चिठ्ठी?"

नर्सबाईला आलेली.

ती पानाकडे बघत राहिली. "म्हाईत न्हाई. ह्या पानांवर कायबी लिवलेलं न्हाई. नुसती पानं हायेत."

मी वाकून बघितलं. पान वरपासून खालपर्यंत छापलेलं होतं.

मग मला कळलं. मी अठ्ठ्याऐंशी वेळा पान उलटलं होतं, पण एक अक्षर वाचलं नव्हतं. तिला मी नुसती उलटलेली पानं दिली होती. इतकी लाज मला कधी वाटली नाही, बोट तुटलं त्या दिवशीही नाही. तिच्या हातून पुस्तक घेतलं, पोतं तिच्या पाटाशेजारी ओढलं, चष्मा पुसला आणि एकशे अडतीस पानाच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

सातवीनंतर मोठ्यानं वाचायची ती पहिलीच वेळ. जोडाक्षरांत अडखळत होतो. रस्त्यानं जाणारा भीमा थांबून बघत राहिला, त्याला मी हातानंच जा म्हटलं. चिठ्ठीत विशेष काही नव्हतं. बाईंची बदली रद्द झाल्याचं कळवलं होतं. एका दुपारी आठ पानं होत, त्यापुढे घसा बसे. मी एकही ओळ गाळली नाही. निसर्गाची वर्णनंसुद्धा वाचली, आणि खरं सांगतो, ती काही वाईट नव्हती.

चौथ्या दुपारी तिचे ओठ माझ्याबरोबर हलायला लागले. सातव्या दिवशी वरण पिवळं झालं. दहाव्या दिवशी ती मधेच म्हणाली की ही नर्स येडी हाय, त्या डॉक्टरावर इश्वास ठिवते. मी पुढे वाचणार तेवढ्यात तिनं हात आडवा घातला, खालचा कोपरा दुमडला आणि नखानं दाबला. मी त्या घडीकडे बघतच राहिलो. पंधरा वर्षांत पहिल्यांदा मी कानावरून भांडलो नाही.

पुस्तक आम्ही दोघांनी मिळून संपवलं. शेवटचं पान तिनं उलटलं, खालून.

काल नाथाभाऊंनी दिवाळीनंतरचा गठ्ठा आणून टाकला. आज सकाळी सुतळी कापली. पहिली दोन पुस्तकं कोरी निघाली, म्हणजे ती या गावात कुणी वाचणार नाही. तिसऱ्याच्या वरच्या कोपऱ्यात निळा डाग होता. पहिल्या पानापासून, प्रत्येक पानाला. मी वाचायला लागलो, तर माझेही डाग दिसणारच होते. त्यात नवल नाही. मी चिमटीनं एकेक पान उलटत गेलो. निळा डाग अठ्ठ्याऐंशी पानापर्यंत होता. त्यापुढे वरचे कोपरे स्वच्छ.

खालच्या कोपऱ्यात हळद होती. एकोणनव्वदपासून शेवटपर्यंत, आणि सगळीकडे नखानं दाबलेल्या घड्या. पहिल्या दोन-तीन पानांवर कागद फुगल्यासारखा झाला होता, पाणी पडून वाळल्यावर होतो तसा. त्यानंतर मात्र तिची रोजची, निवांत झीज.

मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण त्याआधी बरं वाटलं. हळद शेवटच्या पानापर्यंत आहे, हे मी दोनदा तपासलं.

मुबारक चहा घेऊन आली आणि माझ्या खांद्यावरून वाकून बघायला लागली. मी पुस्तक मिटलं.

"ह्यात माझी हळद हाय का?" तिनं विचारलं.

"शेवटपर्यंत."

"आन् तुमचा निळा?"

"आहे ना."

तिनं माझ्या तोंडाकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग चहा ठेवला. "मंग बांधा लवकर," ती म्हणाली. "दुपारी सुरू करू."

आम्ही रोज किती पानं वाचतो ते मला माहीत आहे. भागाकार मी केला नाही. पुस्तक उसवलं, सोळा-सोळा पानांचे फर्मे लावून घेतले आणि शिवायला बसलो. अठ्ठ्याऐंशी आणि एकोणनव्वदच्या मधे जिथं शिवण येते, तिथं मी दोरा दुहेरी घातला. त्या पानावर हे पुस्तक बराच वेळ उघडं पडून राहणार आहे.